ला झारिन

एक फ्रेंच नाटक. झ्यूल आदनी व ऑक्ताव्ह गास्तिनो ह्यांनी लिहिलेले हे नाटक १८६८ मध्ये पॅरिसच्या आंबिग्यू रंगमंदिरात सादर झाले. ‘झारिन’ म्हणजे रशियाची सम्राज्ञी. येथे दुसरी कॅथरिन (१७२९–९६). ‘बुद्धिबळपटू तुर्क’ ह्या यंत्राच्या इतिहासप्रसिद्ध बनवाबनवीवर नाटकाचे कथानक आधारलेले असून त्यातील यंत्रपुतळा ख्यातनाम जादूगार रोबेर-ऊदँ (१८०५–७१) ह्याने तयार केला होता.

मूळ तुर्क व्होल्फगांग फोन केंपेलेन (१७३४–१८०४) ह्या हंगेरियन दरबारी अधिकाऱ्याने १७६९ मध्ये घडविण्यास घेतला व १७७० मध्ये व्हिएन्ना येथे सम्राज्ञी मारिया टेरीसा हिच्यापुढे मांडला. सु. ११० सेंमी. लांबीची लाकडी पेटी, तिच्यावर बुद्धिबळाचा पट आणि मागे तुर्की झगा व पागोटे घातलेला माणसाएवढा पुतळा, असे त्याचे स्वरूप होते. खेळापूर्वी पेटीची दारे एकेक करून उघडीत व आत मेणबत्ती धरून दाखवीत. आतील दंतचक्रे पाहून प्रेक्षकांची खात्री पटे. प्रत्यक्षात आतला खेळाडू सरकत्या बैठकीवर बसून उघड्या दारापासून दूर सरके. सोंगट्यांच्या तळाशी लोहचुंबक असत. त्यांच्या ओढीने पटाखाली टांगलेल्या धातूच्या चकत्या हलत व त्यांवरून खेळाडूला प्रतिपक्षाची चाल कळे. तरफांच्या साहाय्याने तो पुतळ्याचा डावा हात हालवी. त्याच्या मेणबत्तीचा धूर पुतळ्याच्या पागोट्यातून बाहेर पडे. नेपोलियन १८०९ मध्ये, तर गणकयंत्राचा प्रवर्तक चार्ल्स बॅबेज १८२० मध्ये ह्या तुर्काशी खेळला, दोघेही हरले. केंपेलेननंतर मेल्त्सेल ह्याने तुर्क अमेरिकेत नेला. फिलाडेल्फिया येथे १८५४ मध्ये तो आगीत नष्ट झाला आणि १८५७ मध्ये त्याची रचना तपशीलवार प्रसिद्ध झाली.

नाटकामागील आख्यायिका रोबेर-ऊदँच्या आत्मचरित्रात (१८५८) आढळते. बंडात दोन्ही पाय गमावलेला व्होरोस्की हा पोलिश अधिकारी पेटीत लपतो आणि जिने त्याला पकडण्याचा हुकूम काढला आहे, त्या सम्राज्ञीशीच खेळतो. ती यंत्र विकत मागते, तेव्हा त्याच्या जिवावर बेतते. ह्या कथेला ऐतिहासिक आधार नाही. तथापि तिच्यामुळे रहस्याचा रोख बदलला. तुर्काच्या प्रेक्षकांना यंत्र विचार कसा करते, हे कोडे होते. ह्या कथेत मात्र आतला माणूस उघडकीस येईल काय, ही धास्ती आहे.

कल्पित व्होरोस्की नायक ठरला. आल्गायर, मूरे, श्लुंबर्गर हे पेटीत बसणारे खरे खेळाडू मात्र पुतळ्याच्या कीर्तीआड झाकले गेले. पुढे आंरी द्युप्वी-माझ्युएल ह्याने ह्याच विषयावर कादंबरी लिहिली (१९२६) व तीवरून रेमाँ बेर्नार ह्याने मूकपट काढला (१९२७). माणसाच्या मदतीवाचून खेळणारे यंत्र मात्र स्पॅनिश अभियंता तॉरेस केव्हेदो ह्याने १९१२ च्या सुमारास सिद्ध केले. ते राजा व हत्ती विरुद्ध राजा एवढाच अंतिम डाव खेळे.