स्मृतिभ्रंश आणि भूक

मंडळी, घरातले म्हातारे माणूस वाळू लागले की गावात पहिला आळ येतो तो सुनेवर. त्यातून आजीबाई स्वतःच ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, “सकाळपासून मला कुणी जेवायला दिलं नाही हो!” अन् ताट तर नुकतेच उचललेले असते. आता यात आजी खोटे बोलत नाहीत आणि सूनही लबाड नसते. कित्येकदा हा स्मृतिभ्रंशाचा आजार असतो.

भूक पोटात लागते असे आपण म्हणतो. पण तिचा हिशेब राहतो मेंदूत. पोट रिकामे झाले की जठरातून घ्रेलिन नावाचे संप्रेरक रक्तात उतरते आणि मेंदूला सांगते, “आता खा.” जपानी शास्त्रज्ञांनी ते १९९९ साली ओळखले. दुसरे लेप्टिन. ते अंगातल्या चरबीतून पाझरते आणि “साठा पुरेसा आहे” असा निरोप देते. त्याचा शोध अमेरिकेत जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत १९९४ साली लागला. दोन्ही निरोप मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाच्या भागात पोचतात.

तुम्ही म्हणाल, चरबी झडली की लेप्टिन घटते. मग भूक वाढायला हवी. निरोगी माणसात तसेच होते. पण अल्झायमर रोग, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार, हायपोथॅलॅमसलाही सोडत नाही. निरोप येतो, पण तो वाचणाराच दुखावलेला! म्हणूनच काहींचे वजन विसरभोळेपणा दिसण्याआधीच उतरू लागते. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम पाहणीत २००९ साली असे दिसले की, ज्यांच्या रक्तात लेप्टिन जास्त होते त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंश कमी आढळला. मात्र एवढ्यावरून लेप्टिन हे औषध ठरत नाही.

शिवाय सगळा दोष संप्रेरकांचाही नव्हे. वास कळेनासा होतो, दात दुखतात, घास गिळवत नाही, मन उदास असते, दिवसभर येरझाऱ्या चालतात. स्मृतिभ्रंशावरच्या काही गोळ्यांनीही भूक मंदावते.

मग करावे काय? दर महिन्याला वजन करून लिहून ठेवा. पन्नास किलोचे माणूस सहा महिने-वर्षात अडीच किलोने उतरले, तर डॉक्टरांना दाखवा. जेवताना ठसका लागत असेल, तर वाट पाहू नका. भरल्या ताटाने गोंधळ उडतो. म्हणून एका वेळी एकच पदार्थ, थोडा थोडा, दिवसातून पाच-सहा वेळा द्या. पांढऱ्या ताटात पांढरा भात दिसत नाही, रंगीत ताट घ्या. हातात धरून खाता येईल असा लाडू, धिरड्याचा तुकडा, केळे द्या. ताठ बसवा, आणि घरच्यांनी शेजारी बसून जेवा. पाहून पाहून हात तोंडाकडे जातो. “आत्ताच तर जेवलात!” असे म्हणून वाद घालू नका. पुन्हा दोन घास द्यावेत.

शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, हे मुलांना सांगा. आजीजवळ बसून जेवणारे नातवंड हा तिच्यासाठी मोठा आधार आहे. आणि पारावर कुणा सुनेची निंदा ऐकलीत, तर हेही चार माणसांना समजावून सांगा.