गुरुजींच्या वर्गात कोण जातं?

शाळा उभ्या राहिल्या, पट भरला, खिचडी शिजू लागली; तरी पाचवीतल्या कित्येक मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही, असे ‘असर’ या शैक्षणिक पाहणीचे अहवाल 2005पासून सांगत आले आहेत. याचा देशाच्या प्रगतीशी थेट संबंध आहे. मुले शाळेत किती वर्षे बसली यापेक्षा ती काय शिकली यावर आर्थिक वाढ अधिक अवलंबून असते, असे एरिक हनुशेक आणि लुडगर व्होसमन या अर्थतज्ज्ञांनी अनेक देशांची आकडेवारी ताडून मांडले. मग बोट शिक्षकाकडे वळते आणि ठरलेला उपाय पुढे येतो: प्रशिक्षण द्या.

पण कसले? महाराष्ट्रात एके काळी डीएड महाविद्यालयांचे पेव फुटले. त्यांपैकी 291 संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्यातूनच न्या. जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला. आयोगाच्या 2012च्या अहवालानुसार यातल्या बहुतेक संस्था मान्यतेच्या लायकीच्या नव्हत्या. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

नोकरीतल्या प्रशिक्षणाची कथाही फार वेगळी नाही. चीनने राष्ट्रीय पातळीवर शिक्षक-प्रशिक्षणाचा मोठा कार्यक्रम राबवला. एका प्रांतात त्याची काटेकोर चाचणी झाली, तेव्हा मुलांच्या गुणांत काहीही फरक दिसला नाही. व्याख्याने सैद्धांतिक होती. त्यांतले उचलून उद्याच्या तासाला वापरावे, असे फारसे काही नव्हते.

दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्थ वेस्ट प्रांतातला प्रयोग म्हणून महत्त्वाचा. सेत्स्वाना भाषेचे वाचन शिकवणाऱ्या शिक्षकांना रोजच्या पाठांचे टाचण आणि गोष्टींची पुस्तके दिली गेली. काही शाळांतल्या शिक्षकांना एका ठिकाणी बोलावून प्रशिक्षण दिले. उरलेल्या शाळांत मार्गदर्शक दर महिन्याला थेट वर्गात गेले. त्यांनी पाठ पाहिला, स्वतः शिकवून दाखवला, कुठे अडते ते जागेवरच सांगितले. टाचणे तीच, पुस्तके तीच. तरी वर्गभेटीचा परिणाम जवळपास दुप्पट आढळला. केनियाने 2015पासून ‘तुसोमे’ कार्यक्रमात हाच धागा देशभर नेला: प्रत्येक मुलाच्या हाती पुस्तक, शिक्षकाला मार्गदर्शिका आणि पाठ निरीक्षणासाठी टॅबलेट घेऊन वर्गात येणारा अधिकारी.

असा अधिकारी आपल्याकडे नाही असे नाही. केंद्रप्रमुख हे पद त्यासाठीच आहे. पण त्याचा दिवस तातडीने मागवलेली माहिती गोळा करण्यात आणि अहवाल वर पाठवण्यात जातो. शाळेत पोहोचलाच, तर पाठाआधी दप्तर तपासले जाते.

2020च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला 50 तासांचा व्यावसायिक विकास सांगितला आहे. हे तास सभागृहात किंवा मोबाइलच्या पडद्यापुढे भरून काढता येतील, प्रमाणपत्रही मिळेल. त्यातले निम्मे तरी शिक्षकाच्या स्वतःच्या वर्गात, जाणत्या सहकाऱ्यासोबत गेले, तर खर्च वाढेल आणि केंद्रप्रमुखाचे कागद दुसऱ्या कुणाला तरी सांभाळावे लागतील. प्रशिक्षणाने देश पुढे जातो, पण ही किंमत मोजली तरच.