बेटावरचा पाया

'पाया भक्कम असावा' हे वाक्य आपण शाळेपासून व्याख्यानांतून ऐकत आलो आहोत. प्रत्यक्ष पाया मात्र फार थोड्यांनी पाहिलेला असतो; कारण घर उभे राहिले की तो मातीआड जातो. माझे वडील गवंडी आहेत. 2023 च्या मे महिन्यात खाडीतल्या एका जुव्यावर, म्हणजे बेटावर, दोन खोल्यांच्या घराचा पाया घालताना मी त्यांच्या हाताखाली होतो. त्या कामामागचे शास्त्र येथे थोडक्यात मांडतो.

पहिला प्रश्न जागेचा. उधाणाच्या भरतीचे पाणी जेथवर चढते, त्याच्या बरेच वर जागा धरली. वरची भुसभुशीत माती काढून कठीण मुरूम लागेपर्यंत चर खणले व तळ धुमसाने ठोकून घेतला. या चरात प्रथम काँक्रीटचा थर, त्यावर जांभ्या चिऱ्यांचे बांधकाम आणि जोत्याच्या पातळीवर सळया घातलेला काँक्रीटचा पट्टा, अशी रचना होती.

आता थोडे गणित. घर वीस फूट लांब व पंधरा फूट रुंद. म्हणजे भोवतालचा चर सत्तर फूट. त्याची रुंदी अडीच फूट आणि थराची जाडी सहा इंच धरली, तर साडेसत्त्याऐंशी घनफूट काँक्रीट लागते. एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू व सहा भाग खडी या प्रमाणाने त्यासाठी सिमेंटच्या सुमारे 11 गोणी, 40 घनफूट वाळू आणि 80 घनफूट खडी हवी. गोणीमागे 34 लिटर धरले, तर पाणी पावणेचारशे लिटर. पाणी सोडून या साऱ्याचे वजन सहा टनांच्या आसपास जाते. जमिनीवर हे काम एका मालमोटारीचे. बेटावर मात्र प्रत्येक घमेले होडीतून उतरवावे लागते. ओहोटीला धक्क्यापाशी नुसता चिखल असतो, म्हणून खेपा भरतीच्याच. भरतीही रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. तेव्हा कामाचे वेळापत्रक घड्याळ ठरवीत नाही, चंद्र ठरवतो.

गंमत अशी, की बेटावर दोनच वस्तू फुकट आणि मुबलक असतात: वाळू आणि पाणी. आणि नेमक्या त्याच दोन वस्तू पायाला वर्ज्य आहेत.

घराच्या मालकीणबाईंना सारी वाडी मावशी म्हणते. होडीचा खर्च वाढत चाललेला पाहून त्यांनी विचारले, "मेस्त्री, खाडीचंच पाणी वापरलं तर काय बिघडतं?"

वडील म्हणाले, "मावशी, आज काहीच बिघडणार नाही. म्हणून तर भीती."

या उत्तरात रसायनशास्त्र आहे. काँक्रीट वाळते असे आपण म्हणतो. वास्तविक ते वाळून घट्ट होत नाही. सिमेंट व पाणी यांचा रासायनिक संयोग होऊन ते दगडासारखे बनते. हा संयोग खाऱ्या पाण्यातही होतो. परंतु समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम क्षार असतात. काँक्रीट अल्कधर्मी असल्यामुळे त्यातल्या सळईवर एक अतिसूक्ष्म संरक्षक थर धरतो. मिठातले क्लोराइड तो थर भेदते आणि सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणून काँक्रीट आतून फुटते. खालच्या थरात सळई नव्हती हे खरे. पण मीठ ओलाव्याबरोबर वर चढते, भिंतींना लोणा लागतो, आणि वर पट्ट्यात सळई होतीच. भारतीय मानक 456 मध्येही काँक्रीट कालवायला समुद्राच्या पाण्याची शिफारस केलेली नाही.

बेटावर बांधायचे तर आधी गोडे पाणी पाहावे, हे आपल्याकडे नवे नाही. मालवणच्या कुरटे बेटावर 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाचे काम सुरू केले. चोहोकडे समुद्र असलेल्या त्या किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आजही दाखवतात.

आमच्या वाडीत मात्र विहीर एकच, आणि मे महिन्यात तीही तळाला गेलेली. पिण्याचे पाणी काँक्रीटला कसे मागायचे? शेवटी दगड फोडून केलेली वाळू पलीकडून आणली आणि पाण्याची दोन मोठी पिंपेही होडीतून आली. सारे साहित्य जागेवर जमल्याशिवाय वडिलांनी कालवायला हात लावला नाही. कारण पाणी पडल्यावर मिश्रण लगोलग चरात गेले पाहिजे, आणि मध्येच खंड पडला तर तेथे सांधा कच्चा राहतो.

थर घट्ट झाला तरी काम संपत नाही. पुढे किमान सात दिवस तो ओला ठेवावा लागतो. नाहीतर रासायनिक संयोग अर्धवट राहतो. एवढे पाणी कोठून आणायचे? थरावर गोणपाटे अंथरली, म्हणजे थोडक्या पाण्यात भागते. आणि वाडीतल्या प्रत्येक घराने स्वतःच्या वाट्यातली एक कळशी रोज संध्याकाळी दिली. ज्या घरात त्यांना राहायचे नव्हते, त्याच्या पायात त्यांचे पिण्याचे पाणी मुरले. सिमेंट, वाळू, खडी यांचे प्रमाण पुस्तकात सापडते. या चौथ्या वस्तूचे प्रमाण मला कोणत्याही कोष्टकात आढळले नाही. घर पाहायला येणारा पाहुणा रंग पाहील, कौले पाहील. पाया त्याला दिसणार नाही, आणि तो दिसायची वेळ कधी येऊ नये यासाठीच ही सारी खटपट.