चार रंगांत आजीचा चेहरा

आजीचे तैलचित्र काढायचे ठरले तर रंगाच्या किती नळ्या लागतील? चोवीस नळ्यांची पेटी महाग असते, आणि मुलचेऱ्यासारख्या गावी ती मिळेलच असे नाही. स्वीडनचा नामवंत व्यक्तिचित्रकार आंदेर्श सोर्न (१८६०–१९२०) पुष्कळदा चारच रंग घेई : पांढरा, पिवडी, हिंगुळी लाल आणि काळा. त्यात निळा नाहीच! तरीही अशा चित्रांत पिकल्या केसांवर निळसर छटा दिसते. हा निळा आला कोठून?

आधी कातडीचे पाहू. कातडीवर पडलेल्या प्रकाशातील जांभळा-निळा भाग बराचसा शोषला जातो आणि तांबड्याकडे जावे तसतसा परावर्तित भाग वाढत जातो. माणूस गोरा असो वा सावळा, चढण त्याच दिशेची; फरक पडतो तो मुख्यतः एकूण उजेडात. लोहाच्या ऑक्साइडांचेही असेच आहे. गडचिरोली जिल्ह्यातच, एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरात हेमॅटाइट हे लोहखनिज आहे. गेरूचा तांबडेपणा हेमॅटाइटचाच. पिवडीचा पिवळेपणाही लोहाचाच, फक्त त्या संयुगात पाण्याचा अंश असतो. म्हणून या मातीच्या रंगांतून कातडीचा रंग सहज जुळतो. हिंगुळात पारा असतो; आपण त्याऐवजी गेरूच घ्यावा.

रंग खलायचे तेलही आपल्या विदर्भात पिकणाऱ्या जवसाचे. ते पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतील ऑक्सिजन घेऊन त्याच्या रेणूंची जाळी बनते, म्हणून वाळताना त्याचे वजन प्रथम वाढते! शेंगदाण्याचे तेल असे वाळत नाही. (जवसाच्या तेलाच्या चिंध्या मात्र ढीग करून ठेवू नका. या क्रियेत उष्णता निर्माण होते आणि त्या आपोआप पेटू शकतात.)

आता निळ्याकडे वळू. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात गालिचे व चित्रपट विणले जात. तेथील काळे सूत फिके दिसते, अशी तक्रार रसायनशास्त्रज्ञ शेव्रल याच्याकडे आली. त्याने तपासले तर सुतात दोष नव्हता. दोष शेजारच्या रंगांचा होता. शेजारी जो रंग असेल त्याच्या विरुद्ध रंगाची झाक डोळ्याला भासते, हे त्याने १८३९ च्या ग्रंथात सविस्तर मांडले.

स्वतः करून पाहा. एकाच राखाडी कागदाचे दोन तुकडे कापा. एक नारिंगी घोटीव कागदावर ठेवा, दुसरा निळ्यावर. पहिला निळसर भासेल, दुसरा किंचित तांबूस. वर पातळ बटर पेपर अंथरला तर फरक बहुधा अधिकच ठळक होईल. आजीचे केसही असेच. काळा आणि पांढरा मिसळून केलेला राखाडी रंग नारिंगी कपाळाशेजारी लावला की तो निळसर दिसतो. शिवाय हाडांच्या कोळशापासून केलेल्या काळ्यात पांढरा मिसळला तर मुळातच थोडी निळी झाक येते. त्याच काळ्यात पिवडी घाला, चक्क हिरवट रंग मिळेल!

रंग थोडे असण्याचा आणखी एक फायदा आहे. प्रत्येक रंगद्रव्य प्रकाशाचा काही भाग गिळते. पाच-सहा एकत्र केली की परत येण्याजोगे फारसे उरत नाही आणि मिश्रण मळकट होते. चेहरा ओळखू येतो तो मुख्यतः उजेड-सावलीमुळे. कृष्णधवल फोटोतले आजोबा आपण ओळखतोच की! तेव्हा डोळे किलकिले करून आधी सावल्या जुळवाव्यात.

आजीचे लुगडे गडद निळे असेल तर मात्र ही युक्ती पुरत नाही. डोळा राखाडीला निळसर करील, निळेभोर नाही. सोर्नही गरजेप्रमाणे इतर रंग घेई. तेव्हा पाचवी नळी निळीची आणावी.