मोटार घेताना पंधरा वर्षांचा हिशेब

दसरा, दिवाळी, पाडवा यांसारखे मुहूर्त जवळ आले की घरोघरी नव्या मोटारीचा विषय निघतो. तरुण मंडळी रंग, आतील पडद्याचा आकार आणि छतावरची काच पाहतात, वडीलधारी मंडळी मायलेज विचारतात आणि पुष्कळदा नात्यातल्या कोणी कोणती गाडी घेतली यावर निर्णय होतो. घरानंतरची ही बहुतेक कुटुंबांची सर्वांत मोठी खरेदी. असे असूनही ही गाडी बाराव्या किंवा पंधराव्या वर्षी कशी चालेल, तिचे सुटे भाग तेव्हा कोठे मिळतील आणि ती दुरुस्त करणारा कारागीर जवळपास असेल का, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. कंपन्यांची तुलना करावयाची तर ती याच प्रश्नांवर व्हावयास हवी.

किंमत एकदाच, खर्च दरवर्षी

विमा व्यवसायात वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या घसाऱ्याच्या तक्त्यानुसार नव्या गाडीचे मूल्य पहिल्या वर्षाअखेरीस १५ टक्क्यांनी आणि पाच वर्षे पूर्ण होताना ५० टक्क्यांनी घटलेले धरतात. बाजारभाव याहून थोडा कमी-अधिक असेल, पण हिशेबाला हा आधार पुरेसा आहे. समजा, १० लाख रुपयांची गाडी आपण पाच वर्षांनी ५ लाखांना विकली, तर दर वर्षाचा घसारा १ लाख रुपये झाला. तीच गाडी पंधरा वर्षे वापरून शेवटी १ लाखाला दिली, तर दर वर्षाचा घसारा ६० हजारच होतो. म्हणजे वर्षाला ४० हजार रुपये वाचले. गाडीच्या उतारवयात क्लच, शॉक अब्सॉर्बर, रेडिएटर, एसीचा कॉम्प्रेसर असे खर्च निघतात. ते भागवूनही बहुधा काही शिल्लक उरते. मात्र गाडी मुळात दीर्घकाळ टिकणारी असली तरच हा हिशेब जुळतो.

कर्जाचेही तसेच आहे. १० लाखांचे कर्ज ९ टक्के दराने पाच वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे २०,७६० रुपये पडतो आणि एकूण व्याज साधारण २ लाख ४५ हजार होते. सात वर्षे मुदत घेतली की हप्ता सुमारे १६,०९० पर्यंत उतरतो, पण व्याज ३ लाख ५१ हजारांच्या घरात जाते. हप्ता कमी दिसतो म्हणून मुदत वाढवणे आणि त्या भरवशावर एक पायरी वरची गाडी घेणे, ही सवय कर्जप्रकरणे तपासताना वारंवार दिसत असे. अशा घरांत पुढे मुलांच्या शिक्षणाचा किंवा आजारपणाचा खर्च आला की हप्त्याचे ओझे जाणवू लागे. सात वर्षांचे कर्ज आणि पाचव्या वर्षी बदलावयाची गाडी हा मेळ तर मुळीच बसत नाही.

कंपनी देशात टिकेल का?

गाडी चांगली असूनही मालक अडचणीत आल्याची उदाहरणे आपल्यासमोर आहेत. कोरियाची देवू कंपनी नव्वदच्या दशकात मोठ्या थाटाने आली. तिची मॅटिझ लोकप्रियही झाली, परंतु मूळ कंपनीच दिवाळखोरीत गेल्याने येथील कारभार आटोपला. शेव्हर्ले गाड्या बनवणाऱ्या जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री थांबवली. तिचा तळेगावचा कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. इकोस्पोर्ट आणि फिगो या तिच्या गाड्या आजही रस्त्यावर उत्तम धावताना दिसतात. अशा कंपन्या काही वर्षे सुटे भाग आणि सेवा पुरवतात, हे खरे. पण सेवाकेंद्रे कमी होतात, दिवा, काच किंवा बंपरसाठी थांबावे लागते आणि विकावयास गेल्यास भाव पडलेला असतो.

याउलट एक बोलके उदाहरण फियाटचे. तिच्या पुंटो आणि लिनिया या गाड्या बंद झाल्या, परंतु त्यांतील १.३ लिटरचे डिझेल इंजिन मारुतीच्या स्विफ्ट व डिझायरमध्ये आणि टाटांच्या इंडिका व्हिस्टामध्येही बसवले जात असे. त्यामुळे फियाट गेली तरी त्या इंजिनाचे भाग आणि ते ओळखणारे मेकॅनिक राहिले. बॉनेटवरच्या चिन्हाखाली कोणते इंजिन आहे आणि ते आणखी किती गाड्यांत आहे, हे यासाठीच विचारावे. आजही टोयोटाची ग्लॅन्झा ही मूळची मारुतीची बलेनो, तर किया आणि ह्युंदाई यांच्या अनेक गाड्यांत इंजिने समान आहेत. अशा वेळी वॉरंटी, घराजवळचे सेवाकेंद्र आणि प्रत्यक्ष किंमत पाहून निवड करणे श्रेयस्कर.

काही प्रमुख नावे

मारुती सुझुकी: डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली, तेव्हापासूनचा अनुभव या नावामागे आहे. तालुक्याच्या गावीही सेवा मिळते, सुटे भाग स्वस्त असतात आणि साधा मेकॅनिकही गाडी हाताळतो. सुरक्षिततेच्या चाचण्यांत तिच्या अनेक जुन्या गाड्या मागे पडल्या होत्या. २०२४ च्या नव्या डिझायरने मात्र ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळवले.

टोयोटा: २००० मध्ये क्वालिस आणि २००५ मध्ये इनोव्हा आली. प्रवासी वाहतुकीच्या व्यवसायात दोन-तीन लाख किलोमीटर धावलेल्या इनोव्हा सर्रास आढळतात. टिकाऊपणाचा याहून मोठा दाखला कोणता? किंमत अधिक, पण पुनर्विक्रीचा भावही चांगला.

होंडा: १९९८ पासून येथे असलेल्या सिटीच्या पेट्रोल इंजिनाचा लौकिक निर्विवाद आहे. लहान गावांत सेवाकेंद्र आहे का, एवढे आधी पाहावे.

ह्युंदाई: १९९८ च्या सँट्रोपासून घराघरांत पोहोचलेली. सेवेचे जाळे विस्तृत, सोयी भरपूर. किया २०१९ मध्ये आली, त्यामुळे तिच्या गाड्यांची पंधरा वर्षांची परीक्षा अद्याप व्हावयाची आहे.

टाटा आणि महिंद्रा: नेक्सॉनने २०१८ मध्ये पाच तारे मिळवून भारतीय गाड्यांच्या सुरक्षिततेला वळण दिले. बोलेरो आणि स्कॉर्पिओ खडतर रस्त्यांवर सिद्ध झाल्या आहेत. या दोन्ही कंपन्यांच्या बाबतीत विक्रीनंतरच्या सेवेचा अनुभव शहरागणिक बदलतो, म्हणून आपल्या गावातील जुन्या ग्राहकांना अवश्य विचारावे.

स्कोडा आणि फोक्सवॅगन: बांधणी भक्कम आणि महामार्गावर स्थिर. वॉरंटी संपल्यावर दुरुस्तीचा खर्च तुलनेने अधिक येतो, तेव्हा वाढीव वॉरंटी घेणे शहाणपणाचे.

कोणत्याही कंपनीचे अगदी नवे मॉडेल पहिल्याच वर्षी घेण्याची घाई करू नये. आरंभीचे दोष वर्षा-दोन वर्षांत दूर होतात. रोजचा वापर शहरातल्या चार-पाच किलोमीटरचाच असेल, तर नवी डिझेल गाडी टाळावी. धुरातील काजळी अडवणारी तिची गाळणी लहान फेऱ्यांत चोंदते आणि खर्चात पाडते. विजेवरील गाडीच्या बॅटरीला बहुधा ८ वर्षांची वॉरंटी असते, म्हणून पंधरा वर्षे वापरावयाच्या विचाराने घेणाऱ्याने पुढील बॅटरीची तरतूदही हिशेबात धरावी.

निगा आणि आपला आचार

गाडीचे आयुष्य निम्मे कारखान्यात आणि निम्मे मालकाच्या हाती ठरते. वर्षातून एकदा किंवा दर १० हजार किलोमीटरला, जे आधी येईल तेव्हा, इंजिन ऑइल बदलावे. कूलंट आणि ब्रेक ऑइल ठरल्या वेळी बदलावे आणि प्रत्येक बिल एका फाइलमध्ये लावून ठेवावे. विक्रीच्या वेळी ही फाइल हजारो रुपयांचे काम करते. नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे गाडीची तपासणी होऊन दर ५ वर्षांसाठी नूतनीकरण मिळते, म्हणून गाडी पंधरा वर्षांची झाली की ती निरुपयोगीच झाली असे समजण्याचे कारण नाही.

पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली शिरून वायरी कुरतडतात. अनेकजण त्यासाठी विष ठेवतात. आपल्या घरांना ते शोभणारे नाही आणि त्याची गरजही नाही. गाडीत खाद्यपदार्थ ठेवू नयेत, पार्किंगची जागा स्वच्छ ठेवावी आणि इंजिनाखालच्या मोकळ्या जागांना मेकॅनिककडून जाळी बसवून घ्यावी. खरेदीच्या वेळी आसनांचे आवरण खऱ्या चामड्याचे आहे की कृत्रिम, हेही विक्रेत्याकडून लेखी घ्यावे, कारण नुसते ‘लेदर फिनिश’ या शब्दांवरून उलगडा होत नाही.

श्रावकाच्या चौदा नियमांत ‘वाहन’ हा एक स्वतंत्र नियम आहे आणि परिग्रहाचे परिमाण ठरवणे हे तर गृहस्थाचे अणुव्रतच. मोटार बाळगू नये, असा त्याचा अर्थ नाही. शिखरजी, पालिताणा किंवा मांगीतुंगीच्या यात्रेला वृद्ध आईवडिलांना सुखरूप नेणारी गाडी ही गरजच आहे. पण दर चार-पाच वर्षांनी गाडी बदलताना गरज किती आणि मिरवण्याची हौस किती, हे स्वतःशी एकदा तपासून पाहावे.

यंदा कोणाच्या घरी खरेदीचा विचार असेल, तर शोरूममध्ये जाण्यापूर्वी एक दुपार गावातील दोन जुन्या मेकॅनिकांकडे आणि एका सुट्या भागांच्या दुकानदाराकडे घालवावी. दहा वर्षांची कोणती गाडी त्यांच्याकडे कमी वेळा येते आणि कोणत्या गाडीचा भाग त्याच दिवशी मिळतो, एवढे दोन प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक उपयोगी पडतील.