परकी भांडवल केव्हां येतें, केव्हां जातें?

लक्ष्मी चंचल आहे असें आपण म्हणतों. परंतु परदेशांतून येणारें भांडवल चंचल असलें तरी अविचारी नसतें. नाण्याचें स्थैर्य, मालाला गिऱ्हाईक, कायद्याचा भरंवसा आणि रस्ते, वीज व कुशल हात यांची सोय, या चार गोष्टी पारखूनच तें पाऊल टाकतें.

१९७३ च्या परकीय चलन कायद्यानें परकी कंपन्यांचा वांटा सामान्यतः ४० टक्क्यांवर आणला. १९७७-७८ च्या सुमारास कोकाकोला व आयबीएम यांनीं हिंदुस्थान सोडलें. १९९१ सालीं परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोनतीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली, सोनें गहाण पडलें, आणि जुलैमध्यें रुपयाचें अवमूल्यन होऊन नवें औद्योगिक धोरण आलें. अनेक उद्योगांत ५१ टक्क्यांपर्यंत परकी भागीदारीस आपोआप मंजुरी मिळूं लागली.

या धोरणाची मोठी परीक्षा आपल्या कोंकणांतच झाली. १९९२ सालीं एन्रॉन या अमेरिकन कंपनीनें दाभोळ वीजप्रकल्पाचीं बोलणीं सुरू केलीं. विजेच्या दराचा मोठा भाग डॉलरशीं बांधलेला होता, आणि वीज विकत घेण्याची जबाबदारी राज्य वीज मंडळावर होती. १९९३ मध्यें सुमारें ३१ रुपयांना मिळणारा डॉलर २००१ मध्यें ४७ च्या घरांत गेला. नॅफ्था हें इंधनहि महागलें. मंडळास ती वीज परवडेना. १९९५ सालीं एकदां रद्द होऊन पुन्हां जुळलेला, १९९९ मध्यें वीज देऊं लागलेला हा प्रकल्प २००१ मध्यें बंद पडला. त्याच वर्षाअखेर एन्रॉनचेंहि दिवाळें वाजलें. डॉलरचा धोका पैसा आणणाऱ्यानें नव्हे, तर वीज घेणाऱ्यानें पत्करला होता, हें या प्रकरणाचें मर्म होय.

उलट, चाकणला जर्मन फोक्सवॅगननें २००९ सालीं कारखाना उघडला, तेव्हां मोटारी खपतीलच अशी हमी कोणीं दिली नव्हती. पुण्यांतील कसबी कामगार, सुटे भाग बनविणारे कारखाने व वाढता मध्यमवर्ग हीच खरी हमी. तरीहि धोका टळत नाहीं. तळेगांवला २००८ मध्यें मोटारी बनवूं लागलेल्या जनरल मोटर्सनें २०२० मध्यें तेथील उत्पादन थांबविलें. पुढें तो कारखाना ह्युंदाईनें घेतला.

वेल्ह्याच्या वाटेवरील मार्गासनीचा तरुण नोकरीसाठीं नसरापूरवरून सातारा रस्त्यास लागतो, तेव्हां त्याच्या पगाराचा धागा असाच दूरच्या बाजारभावांशीं जोडला जाण्याचा संभव असतो. म्हणून पालकांनीं मुलांस एकाच यंत्रापुरतें काम नव्हे, तर दहा कारखान्यांत चालेल असें कसब द्यावें. भांडवल परत जाऊं शकतें. हातांतली विद्या कोणासहि परत नेतां येत नाहीं.