ज्युसर, कोल्ड प्रेस की घरचाच मिक्सर?

मोसंबी सोलून ज्युसरमध्ये घातली की रस भरपूर निघतो, पण ठेवला तर कडवट होत जातो. फळात दोष नसतो. फोडींवरच्या पापुद्र्यात आणि सालीखालच्या पांढऱ्या भागात चव नसलेला एक पदार्थ असतो. तिथल्या पेशी फुटून तो आंबट रसात मिसळला की त्यापासून हळूहळू लिमोनिन तयार होतं, आणि लिमोनिन कडू असतं. बियांमध्ये तर ते आधीपासूनच असतं. म्हणून जालन्याची मोसंबी किंवा नागपूरचं संत्रं अर्धं कापून हाताने पिळावं, तेही फार जोर न लावता. त्यासाठी हजारो रुपये घालवायची गरज नाही.

गाजर, बीट, सफरचंद मात्र हाताने पिळून भागत नाही. नेहमीच्या ज्युसरमधली दातेरी तबकडी मिनिटाला 10 हजारांच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त फेरे घेते, फळ किसते आणि रस जाळीतून बाहेर फेकते. कोल्ड प्रेसमध्ये जाड मळसूत्र मिनिटाला साधारण 40 ते 80 फेरे घेत फळ चिरडत पुढे ढकलतं. रसवंतीच्या चरकाचं तत्त्व हेच: कापायचं नाही, दाबायचं.

वेगाने उष्णता निर्माण होते आणि तिने फळातली एन्झाइम्स मरतात, असं कोल्ड प्रेसच्या जाहिराती सांगतात. हे फारसं मनावर घेऊ नये. ज्युसरमधून काही सेकंदांत जाणारा रस थोडासाच कोमट होतो, एन्झाइम्स निकामी करण्याइतका तापत नाही. शिवाय ती पोटात गेल्यावर इतर प्रथिनांसारखी पचूनच जातात. खरा फरक वेगळा आहे. कोल्ड प्रेसच्या रसात हवा कमी मिसळते, त्यामुळे फेस कमी येतो आणि रस उशिरा काळा पडतो. पालक, पुदिना, गव्हांकुर यांचा रस नीट निघतो. साधा ज्युसर ही पानं ओलीच चोथ्यात टाकतो. रोज पालेभाज्यांचा रस पिणाऱ्या घराने कोल्ड प्रेस घ्यावा. रविवारी गाजराचा रस काढणाऱ्याला साधा ज्युसर पुरतो.

यंत्र कुठलंही असो, चोथा बाहेर गेला की तंतू गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये फळांच्या रसातली साखर मध आणि पाकाच्या रांगेत बसवली आहे, अख्ख्या फळातली नाही. अमेरिकेत 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जेवणाआधी सफरचंद चावून खाणाऱ्यांच्या पोटात एकूण सुमारे 15 टक्के कमी कॅलरी गेल्या. रसाने तसं झालं नाही, त्यात तंतू घालून दिले तरीही नाही.

मिक्सरच्या स्मूदीत निदान चोथा फेकला जात नाही आणि मिक्सर बहुतेक घरांत असतोच. आधी दूध किंवा दही, मग फळ, शेवटी बर्फ घालावा. नाहीतर पात्याभोवती हवा अडकते आणि पातं नुसतंच फिरत राहतं. केळं मात्र विचारपूर्वक घालावं. चिरलेलं सफरचंद ज्या एन्झाइममुळे तपकिरी पडतं, ते पॉलिफेनॉल ऑक्सिडेझ केळ्यात भरपूर असतं. 2023 मधल्या एका अभ्यासात केळ्याची स्मूदी पिणाऱ्यांच्या शरीरात फ्लॅव्हनॉल नावाची उपयुक्त द्रव्यं, त्याच द्रव्यांची नुसती कॅप्सूल घेतली होती तेव्हापेक्षा 84 टक्के कमी आढळली. बेरीच्या स्मूदीने असं झालं नाही. (शिकरणवाल्यांनी घाबरू नये, ते कुणी फ्लॅव्हनॉलसाठी खात नाही.)

दुकानात वॅटचे आकडे बघण्याआधी यंत्राची जाळी काढून दाखवायला सांगावं. तिच्या बारीक छिद्रांत अडकलेले तंतू वाळले की घासूनही निघत नाहीत. रस पिण्याआधी नळाखाली धरली तर लगेच साफ होते. जिथे ब्रश पोचत नाही असा कोपरा दिसला, तर ते यंत्र घेऊ नये.